आडनाव नाही, गाव नाही

"वस्ताद, दार लाव."

वस्ताद जागचा हलला नाही. फाटकाच्या मधोमध उभा, हातात कुलूप, पाठ रस्त्याकडे. आणि रस्त्यावरून मढ्यांचा लोंढा येत होता. आम्ही तिघं हॉस्पिटलच्या गच्चीवर, गोळ्या संपत आलेल्या, खाली उतरायला एकच जिना. ज्याच्या भरवशावर आत शिरलो तो गडी ऐन वेळेला खांब होऊन उभा.

"भिकारड्या, झोपलास का? लाव की ते."

मढी फाटकापाशी आली आणि त्याला फाडून खाऊ लागली. तो पळाला नाही, ओरडला नाही, कुलूपसुद्धा हातातून पडलं नाही. आम्ही वरून नुसते बघत राहिलो.

हे सगळं कॉम्प्युटरवर चाललं होतं. रविवारची भर दुपार. आई जेवून लवंडली होती, आप्पा तोंडावर पेपर घेऊन घोरत होते आणि मी भावाच्या खोलीत कानांवर हेडफोन चढवून बसले होते. खेळ असा, की साथ येऊन जग बुडालंय आणि मेलेली माणसं उठून उरलेल्यांना खायला धावतायत. त्यांना सगळी दुनिया झॉम्बी म्हणते, आम्ही मढी म्हणायचो. शहरं, जंगलं, नद्या, सगळं मोकळं; कुठंही जा. आणि त्या जगात कुठली कुठली खरी माणसं आपापल्या घरून येऊन हिंडत असायची. भीती मढ्यांपेक्षा त्यांचीच. मढं सरळ येऊन चावतं, माणूस आधी गोड बोलतो. एकदा मेलात की अंगावरच्या कपड्यांसकट सगळं जायचं आणि पुन्हा समुद्रकाठी उघडं-नागडं उभं राहून पहिल्यापासून सुरुवात.

आम्ही चौघं होतो. मामा वयानं मोठे, आवाज शांत, कधी कुणाला घाई करायचे नाहीत. किटली सतत गरम आणि सतत बडबडणारा. वस्ताद बांधकामातला, त्यानं भिंत घातली की ती पाडायला येणारे कंटाळून परत जायचे. आणि मी घोरपड. एकदा दुसऱ्यांचा तट चढताना मधेच अडकून दुपारभर भिंतीला चिकटून राहिले होते, तेव्हापासून हे नाव पडलं.

वस्तादचं न् माझं क्षणभर पटायचं नाही. तो डबे साठवून ठेवायचा, वाटीभर घेवडा द्यायलाही जीव जायचा, म्हणून मी त्याला भिकारडा म्हणायचे. दरिद्री म्हणायचे, उपाशी मेल्या म्हणायचे. तोही काही कमी नव्हता. माझ्या डोक्यात भुसा भरलाय यावर त्याचा ठाम विश्वास होता आणि तो दर थोड्या वेळानं मला ऐकवायचा. पण हरणाची शिकार झाली, शेकोटी पेटली, की पहिला तुकडा भाजून माझ्यापुढं टाकायचा. "खा, म्हणजे तोंड तरी बंद राहील," म्हणायचा. मी खायचे आणि तोंड काही बंद ठेवायची नाही.

त्याची एक तऱ्हा होती. आम्हा बाकीच्यांचे माइक सताड उघडे असायचे. किटलीच्या घरातलं भांडण, मामांकडचा कुकर, आमच्या आप्पांचं खोकणं, सगळं सगळ्यांना ऐकू जायचं. वस्ताद मात्र बटण दाबून बोलायचा आणि बोलून झालं की पट्कन सोडायचा. त्याच्या मागचा पंखासुद्धा आम्ही कधी ऐकला नव्हता. किटली म्हणायचा, हा विहिरीत राहतो.

आता आमचा नियम. आडनाव नाही, गाव नाही.

आधी आम्ही चौघंच नव्हतो, चांगली पंधरा-वीस जणांची टोळी होती. सगळी मराठी. कुणाची बोली नागपूरकडची, कुणाची कोकणातली, ऐकायला मजा यायची. मग एका संध्याकाळी कुणीतरी एकाला सहज विचारलं, तू रे कुठला? त्यानं गाव सांगितलं. मग आडनाव विचारलं, त्यानं तेही सांगितलं. पुढं कुणीतरी खाकरलं. कुणीतरी एक विनोद केला. आठवड्याभरात टोळीच्या दोन टोळ्या झाल्या, मग तीन, आणि इतक्या कष्टानं बांधलेला आमचा तट आमच्याच माणसांनी आतून पेटवून दिला. राखेत आम्ही चौघं उरलो. मामा म्हणाले, मढं चावायच्या आधी आडनाव विचारत नाही, निदान तेवढी अक्कल आपण ठेवू. त्या दिवसापासून नियम. मोडेल त्यानं हत्यारं ठेवून एक रात्र फाटकाबाहेर बसायचं. किटली दोनदा बसून आला होता.

मला तो नियम फार आवडायचा. त्या वर्षी माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. येणारा प्रत्येक जण बसायच्या आधी गाव विचारायचा, पाणी प्यायच्या आधी कूळ. मी पोह्यांची ताटली घेऊन उभी. त्यानंतर खोलीत येऊन हेडफोन चढवले आणि वस्ताद म्हणाला, "आलीस का भुसाडे," की जीव थंड व्हायचा. जगात तीन माणसं होती ज्यांना मी कुणाची कोण हे माहीत नव्हतं, आणि तरी मी त्यांना हवी होते.

तर, वस्ताद फाटकात मेला आणि मी शिव्या देत होते. मधेच किटली म्हणाला, "गप. ऐक जरा."

पंखा ऐकू येत होता. खडखड करणारा जुना पंखा. आणि त्यावर श्वास. घशात काहीतरी अडकल्यासारखा, जड. आमच्यापैकी कुणाचाच नव्हता.

"हा वस्ताद आहे," मामा म्हणाले. "त्याचा माइक चालू राहिलाय."

खेळ सुरू करताना तो म्हणाला होता, टोचून घेतलंय, जेवायचं राहिलंय, एवढं फाटक लावतो न् जेवतो. टोचून म्हणजे इन्शुलिन. त्याला साखरेचा आजार होता हे तेवढं आम्हाला माहीत होतं, कारण मामांनी नियम करताना आजाराचं काही म्हटलं नव्हतं. आमच्या आप्पांनाही तीच सुई. एकदा सुई घेऊन जेवण लांबलं आणि आप्पा आमच्या पत्र्यांच्या दुकानात खिळ्यांच्या पोत्यावर असेच पडले होते. माणूस आधी घामानं भिजतो, मग बरळतो, मग पडतो. वेळेत साखर पोटात किंवा रक्तात गेली नाही तर तो तसाच जातो. तेव्हा दुकानात माणसं होती. वस्तादकडं कोण होतं?

मी त्यांना हे सांगितलं. किटली म्हणाला, पोलिसांना फोन करू, ॲम्ब्युलन्स बोलवू.

"कुठल्या गावची?" मामांनी विचारलं.

इतके दिवस एका ताटात जेवल्यासारखं राहिलो आणि त्या माणसाचं नाव आम्हाला ठाऊक नव्हतं. कोणत्या जिल्ह्यात आहे तेही नाही. बोलीवरून आमच्याच बाजूचा वाटायचा, पण आमची बाजू म्हणजे केवढा मुलूख.

आम्ही ओरडायला लागलो. हेडफोन त्याच्या कानांवर असणार, एवढीच आशा. तिघं एकदम, त्याच्या नावानं, म्हणजे वस्ताद या नावानं. मधे एकदा तो कण्हला. मग पुन्हा तो जड श्वास, आणि तो मघापेक्षा हळू झाला होता. मला खुर्चीत बसवेना. उभी राहिले, तर हेडफोनची वायर ताणली गेली. पुन्हा बसले. असं हात बांधून ऐकत बसण्याइतकं वाईट मी आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही.

आणि मग त्याच्या माइकवर, लांबून, बारीक आवाजात काहीतरी आलं.

"...सोलापुरी चादरी, अस्सल सोलापुरी, या, बघा, हात लावून बघा..."

लाउडस्पीकरची रिक्षा. ती कुठंही असते. टेपही त्याच त्या असतात. पण मधेच टेप थांबली आणि त्याच कर्ण्यातून एक खरा माणूस खेकसला, "ओ मावशी, म्हस आवरा की, जीव देतीय का काय!"

तो आवाज हणमंताचा होता. आमच्या गावात पाणी येणार नसलं, कुणाचा बैल हरवला, तालमीत कुस्त्या असल्या, की हणमंताच सांगायचा. हीच चादरीची रिक्षा थोड्या वेळापूर्वी आमच्या दारावरून गेली होती.

मी हेडफोन काढले. खिडकीतून, ओढ्याच्या अंगानं, बारीक आवाज येत होता. हात लावून बघा. हेडफोन कानाला लावले. हात लावून बघा.

"तो इथंच आहे," मी म्हणाले.

"इथं म्हणजे?"

"माझ्या गावात, मामा. माझ्या गावात आहे तो."

पुढचं सगळं मामांनी ठरवलं. त्यांनी त्यांचा फोन नंबर सांगितला आणि पहिल्यांदा स्वतःचं नाव सांगितलं, मी ते ऐकलंही नाही. म्हणाले, ती रिक्षा गाठ. मी इथं वस्तादचा माइक ऐकत बसतो, तू रिक्षा गावभर फिरव. आवाज वाढला की मी सांगतो, कमी झाला की सांगतो. किटली त्याला हाका मारत राहील. पळ.

मी पळाले. पायात चप्पल होती का आठवत नाही. आईनं झोपेतून विचारलं, कुठं चाललीस गं अशी? मी काही बोलले नाही, कारण सांगितलं असतं तर तिला आधी खेळ समजावावा लागला असता. आमची वरची पेठ उतरून, चावडीवरून, बाजाराच्या कमानीखालून मी जी धावत सुटले ती दुपारच्या झोपेतून उठलेली अर्धी पेठ ओट्यावर येऊन बघत राहिली. आप्पांची लेक, लग्नाची, ओढणी गळ्यात अडकवून रस्त्यानं पळतेय.

हणमंता ओढ्याच्या पुलाजवळ रिक्षा लावून पान लावत होता. मी धापा टाकत त्याला सांगायला लागले, त्याला ओ की ठो कळलं नाही. शेवटी म्हणाले, हणमंतभाऊ, एक माणूस मरतोय आणि तुमच्या आवाजानं सापडणार आहे, चला. एवढं त्याला पटलं. पान तसंच हातात धरून त्यानं रिक्षा चालू केली.

मी मागं बसून मामांना फोन लावला. एका कानात बोट, एका कानात फोन, डोक्यावर चादरी.

"काही नाही," मामा म्हणाले. आम्ही बाजारातून फिरलो. काही नाही. शाळेकडं गेलो. "आहे, पण बारीक." तळ्याच्या रस्त्याला लागलो. "गेला. परत फिरा." मी हणमंताच्या खांद्यावर थापा मारत होते, बैल हाकल्यासारख्या. म्हटलं, श्वास? मामा म्हणाले, चालू आहे. म्हटलं, कसा? ते म्हणाले, तू रिक्षा बघ.

पुन्हा पुलावरून आलो आणि मामांचा आवाज बदलला. "वाढला. वाढतोय. तसंच जा. नाही, आता कमी झाला. मघाशी कुठं होतात?"

मघाशी आम्ही खालच्या आळीच्या तोंडाशी होतो.

मी म्हणाले, हणमंतभाऊ, आत घ्या. त्यानं रिक्षा थांबवली, वळवली मात्र नाही. माझ्याकडं बघून जरा ओशाळला.

"ताई, आळीत न्हाई जात मी. चादरीवाल्या शेठनी सांगितलंय, तितं चादरी कोन घेतंय. आन् तुमी कशाला जाता तितं? आप्पास्नी कळलं तर मला बोलतील."

गावातल्या माणसाला समजेल ते त्यानं सांगितलं होतं. आमच्या पेठेतलं कुणी खालच्या आळीत जात नसे. कुणी अडवलेलं नव्हतं, पाटी लावलेली नव्हती. आळीतली माणसं वर कामाला येत, दुकानात येत, आप्पांच्या काउंटरपासून चार पावलं लांब उभं राहून खिळे-पत्रे मागत. इकडून तिकडं मात्र रस्ताच नसल्यासारखा. मी त्या गावात जन्मले, वाढले आणि त्या वळणाच्या पुढं काय आहे हे मला माहीत नव्हतं.

"वळवा," मी म्हणाले.

त्यानं वळवली.

गल्ली अरुंद होती. पत्र्याची घरं, पण दारापुढं सडा-रांगोळी आमच्या पेठेपेक्षा नीट. मामा फोनवर नुसते "वाढतोय, वाढतोय" म्हणत होते. मी टेप बंद करायला लावली आणि माइक स्वतः घेतला. आणि मला बोलायला काही सुचेना. लाउडस्पीकरवरून माणसाला हाक मारायची तर नाव लागतं.

"वस्ताद!" मी म्हणाले. माझाच आवाज पत्र्यांवर आदळून परत आला. "वस्ताद, ऊठ! अहो, कुणी ऐकतंय का, इथं कुणाच्या घरात कॉम्प्युटरवर खेळणारा माणूस आहे? साखरेची सुई घेणारा? तो बेशुद्ध पडलाय. आत्ताच्या आत्ता जाऊन बघा."

फोनमधून मामा ओरडले. ते कधी ओरडायचे नाहीत. "घोरपडे, तुझा आवाज आला! शब्द न् शब्द आला. तू त्याच्या दारात आहेस."

नळावरची एक बाई हंडा तसाच सोडून धावली. "कम्पुटरवाला? शेवंताचा?" म्हणाली आणि समोरच्याच दारावर धडका द्यायला लागली. दाराला आतून कडी. दोघा बाप्यांनी खांदा लावला, दुसऱ्या धक्क्याला कडी निखळली.

एवढीशी खोली, आणि भिंतभर उघडे पडलेले कॉम्प्युटर. दुरुस्तीचं काम करत असणार. तो टेबलावर पडला होता. गाल कीबोर्डवर, बोट त्या बटणावर. म्हणून आम्हाला ऐकू आलं. सदरा पाठीला चिकटलेला, तोंडाला फेस. पडद्यावर लाल अक्षरात, तुम्ही मेलात, पुन्हा सुरुवात करायची का. आणि त्याच्या कानांवरच्या हेडफोनमधून किटलीचा बारीक रडवेला आवाज येत होता, वस्ताद ऊठ रे, वस्ताद ऊठ रे.

कुणीतरी साखरपाण्याचा पेला आणला आणि त्याच्या ओठाला लावायला निघालं. मी पेला बाजूला केला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतलं तर ते श्वासनळीत जातं, हे आप्पांच्या वेळी डॉक्टर आम्हाला ओरडून सांगत होते. त्याला कुशीवर वळवलं, साखर ओली करून बोटानं त्याच्या हिरड्यांना चोळली. दातखीळ बसली होती. माझं बोट त्याच्या तोंडात आणि सबंध आळी दारात. कुणीतरी हलक्या आवाजात विचारलं, ही वरच्या पेठेतली आप्पांची न्हवं? कुणीतरी गप म्हणालं.

रिक्षात घालून डॉक्टरांकडं नेलं. घाईत हणमंताच्या हाताचा कसला धक्का लागला कोण जाणे, टेप पुन्हा सुरू झाली आणि बाजारातून आम्ही चादरी विकत गेलो. वस्तादचं डोकं माझ्या मांडीवर. मी सगळ्या रस्ताभर त्याला शिव्या देत होते. दरिद्र्या, मरू नकोस. उपाशी मेल्या, जेवायला काय धाड भरली होती तुला. ओट्यावरची माणसं उभी राहून बघत होती.

डॉक्टरांनी शिरेत साखर सोडली. थोड्या वेळानं त्याच्या पापण्या हलल्या, मग त्यानं डोळे उघडले. काळासावळा, माझ्याच वयाचा, गालावर कीबोर्डाच्या चौकटी उमटलेल्या. त्याचं नाव आणि आडनाव आळीतल्या माणसानं सांगितलं, डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं, तेव्हा मला कळलं. इथं सांगत नाही. गावाचंही सांगणार नाही. याला आता कित्येक वर्षं झाली, तो खेळही कुणी खेळत नसेल, पण मी नियम मोडलेला नाही.

मी फोन त्याच्या कानाला लावला. मामा काय बोलले मला ऐकू आलं नाही. वस्ताद हसला, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. मग मामांच्या स्पीकरवरून किटली बोलला असावा, कारण वस्ताद बराच वेळ नुसता हं, हं करत होता. मी बाहेर जाऊन भिंतीला टेकून रडून घेतलं. इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं. माझी तीन माणसं होती, त्यातलं एक मरत होतं, ते राहिलं. शिवाय ते माझ्या गावातच निघालं. आता काय, ओढ्यापलीकडं जायचं न् भांडायचं. मला वाटलं, मला लॉटरीच लागली.

शेवंताबाई एका लग्नात भांडी घासायला गेल्या होत्या, तिथून ओल्या पदरानं धावत आल्या. मुलाच्या तोंडावरून हात फिरवला, माझ्याकडं वळल्या आणि थबकल्या. त्यांनी मला ओळखलं होतं. खोलीत एकच खुर्ची होती. ती त्यांनी पदरानं पुसली आणि माझ्याकडं सरकवली.

"बसा, ताई."

मी म्हणाले, तुम्ही बसा, तुम्ही धावत आलात. त्या ऐकेनात. मी बसेपर्यंत उभ्या आणि मी बसल्यावरही उभ्याच. मग कुणाला तरी पाठवून त्यांनी चहा मागवला आणि कप माझ्यापुढं स्टुलावर ठेवला, हातात दिला नाही.

"घ्या, ताई. हॉटेलातला हाय. घरचा न्हाई."

मला आधी कळलं नाही त्या हे का सांगतायत. कळलं तेव्हा कानशिलं तापली. ज्याच्या हातचं भाजलेलं मी शेकोटीपाशी बसून दोन वर्षं खात होते, त्याची आई मला सांगत होती की भिऊ नका, चहा आमच्या घरचा नाही. मी कप उचलून घटाघट प्यायले, जीभ पोळली. वस्ताद उशीवरून बघत होता. त्याला माझं हे पिणं फसवं वाटलं का खरं, मला अजून कळलेलं नाही.

शेवंताबाई औषधं आणायला दारापाशी गेल्या, तिथं डॉक्टरांशी बोलत उभ्या राहिल्या. मी खुर्ची खाटेला लावली.

"तू इथला निघालास," मी म्हणाले. "आपण एका गावातले, आणि आपल्याला पत्ताच नाही."

त्यानं पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. तो बटण दाबून बोलायचा. बोलून झालं की सोडायचा. माझा माइक मात्र सताड उघडा असायचा, आप्पांच्या खोकल्यासकट, हणमंताच्या कर्ण्यासकट.

"तुला माहीत होतं?"

"गेल्या यात्रेपासून," तो म्हणाला. "तुझ्याकडनं ढोल वाजायला लागले. तेच माझ्या खिडकीतनं. मी खिडकी लावून घेतली. मग एकदा तुझ्याकडं कुणीतरी आप्पांना हाक मारली, पत्रे पाहिजेत म्हणून. तवा कुणाची ते कळलं."

"आणि बोलला नाहीस? एवढं वर्षभर? अरे, आज मेला असतास."

"व्हय."

"का पण?"

सुई लावलेला हात त्यानं जपून छातीवर घेतला.

"तू मला शिव्या देतीस," तो म्हणाला. "ह्या गावात मला शिव्या देणारे लई आहेत. त्या येगळ्या असतात. तू किटलीला देतीस, त्याच मला देतीस. मामांना सुदिक सोडत न्हाईस. मला तेवढंच पायजे हुतं. कळलं असतं तर तू दिल्या नसत्यास."

"दिल्या असत्या," मी म्हणाले.

"न्हाई."

"शंभरदा दिल्या असत्या. आत्ता देते, थांब."

मला खरंच राग आला होता. एवढं हलकं समजला मला? मी त्याच्या अंगावर वाकले, तोंड उघडलं. भिकारड्या, असं जिभेवर आलं, रोजच्यासारखं. दारात शेवंताबाई वळून बघत होत्या. भांड्यांच्या राखेनं चिरलेले हात, पदराला ठिगळ, मुठीत औषधाची चिठ्ठी. तो शब्द मला बोलवेना. मग दरिद्री आला, तोही परतला. उपाशी मेल्या, तर तो शब्दशः तसाच पडला होता मघाशी. इतके दिवस खळखळून टाकलेले माझे सगळे शब्द एकेक करून मी तोंडात उलटून बघत होते, यातला कोणता या घराला लागणार नाही. तो माझ्या तोंडाकडं बघत होता. वाट बघत होता.

"सुई घेतल्यावर," मी शेवटी म्हणाले, "जेवायला उशीर करू नये."

दुकानात गिऱ्हाइकाला सांगावं तसं. नीट, सभ्य, चार पावलांवरून.

"बघ," वस्ताद म्हणाला.

आणि कूस बदलून त्यानं तोंड भिंतीकडं केलं.